दिवे लावायचेत, तेल कुठाय?

पीएचडी करून काय दिवे लावणार?

डिसेंबर २०२३. नागपूरचे हिवाळी अधिवेशन. विधान परिषदेत सारथीच्या फेलोशिपचा विषय निघाला आणि राज्याचे तेव्हाचे उपमुख्यमंत्री हा सवाल टाकून मोकळे झाले. विषय सारथीचा होता, म्हणजे मराठा-कुणबी पोरांचा. पण थोबाडीत बसली ती फेलोशिपच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या. त्या रांगेत आपली पोरं केव्हाची उभी आहेत हे तुम्हाला सांगायला नको.

दोस्तांनो, त्या सवालाचा निषेध झाला, घोषणा झाल्या. उत्तर मात्र द्यायचे राहिले. ते दिलेच पाहिजे. आणि मोघम नको. 'शिक्षण हे वाघिणीचे दूध' असे भाषण ठोकले की आपल्याला वाटते झाले उत्तर. वाघिणीचे दूध खरे, पण ते काढायला भांडे लागते, आणि वाघिणीपर्यंत जायला एसटीचे भाडे लागते. त्याचा हिशेब कुणी मांडायचा?

मी एकच विषय घेतो. मानसशास्त्र. हसू नका. चळवळीतल्या पोरांना हा विषय म्हणजे श्रीमंतांचे चोचले वाटतात हे मला ठाऊक आहे. म्हणूनच घेतो.

आमच्या वस्तीतली एक पोरगी. बाप सेंट्रिंगच्या कामावर, आई चार घरची धुणीभांडी करणारी. पोरीने मानसशास्त्र घेऊन बी.ए. केले. एम.ए.ला नंबर लागला तेव्हा बापाने विचारले, ''मानसशास्त्र म्हंजे येड्यांचं डाक्टर का गं?'' ती म्हणाली, ''नाही बाबा. माणसाच्या मनाला काय होतं ते शिकायचं.'' बाप थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ''मंग आपल्यातलं कुणीतरी पाहिजेच तिथं.''

ह्या लेखात मला जे सांगायचे आहे ते त्या माणसाने एका वाक्यात सांगून टाकले. पुढचे सगळे त्याच वाक्याचा विस्तार.

पोरीला पहिल्या वर्षाची शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेनंतर मिळाली. तोवर खिडकीपलीकडचा बाबू एकच मंत्र म्हणायचा, ''वरून आलं नाही.'' वरून म्हणजे कुठून? पुण्यातून? मंत्रालयातून? दिल्लीतून? आभाळातून? पोरीने रात्रपाळीची नोकरी धरली, दिवसा तासाला बसली, डोळे मिटत मिटत एम.ए. झाली. पुढे काय? पुढे काही नाही. आज ती एका खाजगी कचेरीत लोकांचे फॉर्म भरून देते. तिचे नाव इथे लिहीत नाही. तुमच्या वस्तीतले एक नाव तिथे घाला. बसेल.

आता हे पुढचे नीट समजून घ्या. वकील व्हायला काय लागते, इंजिनियर व्हायला काय लागते, हे आपल्या पोरांना पाठ आहे. मनाच्या डॉक्टरकीच्या खुर्चीवर बसायला काय लागते ते ठाऊक नसते. नुसते एम.ए. पुरत नाही. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेला अधिकार मिळाले. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून पाटी लावायची तर त्या परिषदेच्या रजिस्टरात नोंद पाहिजे. त्या नोंदीचा मुख्य रस्ता इतकी वर्षे कोणता? एम.ए.नंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. पूर्णवेळ म्हणजे वॉर्डात, ओपीडीत, रुग्णासमोर. बाहेर नोकरी करायची सोय नाही. जागा मोजक्या. बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या सरकारी संस्थेत विद्यावेतन मिळते, म्हणून तिथे देशभरातून झुंबड. खाजगीत उलटी गंगा. काम तुम्ही करायचे आणि फीसुद्धा तुम्हीच भरायची, तीही लाखांच्या घरात. आपल्या पोरांना एम.ए.ला ५५ च्या ऐवजी ५० टक्के गुण चालतात. सवलत ऐकायला गोड. पण पाच टक्क्यांच्या सवलतीवर मेसवाला ताट वाढतो काय?

त्यात २०२२ च्या नियमांनी युजीसीने एम.फिल. ही पदवीच मोडीत काढली. मग जानेवारी २०२४ मध्ये क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.फिल.ला २०२५-२६ पर्यंत मुदत दिली. आता नवे अभ्यासक्रम, नव्या पदव्या, नवी नावे. नाव काय वाटेल ते ठेवा. आमचा सवाल जुनाच आहे. शिकायच्या त्या वर्षांत पोट कोण भरणार?

पैसा नाही असे कुणी म्हणू नये. योजना आहेत. योजनांचा तर सुकाळ आहे. चला, मोजू.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. ही १९४४ सालची. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४२ साली त्यांनी व्हाइसरॉयपुढे निवेदन ठेवले, अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून पैसा मागितला, भांडून मिळवला. म्हणजे ही शिष्यवृत्ती कुणाच्या दयेतून आली नाही, आपल्या बापाने वसूल करून आणलेली आहे. तिची आज काय दशा? २०२१ च्या नियमांप्रमाणे सगळ्यात वरच्या गटातल्या, वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला निर्वाहासाठी वर्षाला १३,५०० रुपये. बाराने भागा. महिन्याला ११२५. एवढ्यात चहा-बिस्किटावर महिना काढता येईल, पुस्तक नाही. हा सगळ्यात वरचा गट बरं का. खालच्यांचे आकडे लिहायला लाज वाटते. घरच्या उत्पन्नाची मर्यादा २०१३ साली अडीच लाख केली, २०२१ च्या नियमांतही तीच. आठ वर्षांत डाळीचा भाव वाढला, खोलीचे भाडे वाढले, गरिबीची व्याख्या मात्र जागची हलली नाही.

आणि पैसा येतो कसा? 'कमिटेड लायबिलिटी' नावाच्या हिशेबाखाली दिल्लीने वर्षानुवर्षे मोठा भार राज्यांवर ढकलला. डिसेंबर २०२० मध्ये ६०:४० असे वाटप ठरले. दिल्लीचा ६०, राज्याचा ४०. आधी राज्याने आपला वाटा टाकायचा, मग दिल्लीचा सुटणार. म्हणजे दोन कुलपे, दोन किल्ल्या, आणि दाराबाहेर एक पोरगी.

स्वाधार योजना. २०१६-१७ ची. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर मुंबई-पुण्यात वर्षाला ६०,००० रुपये. मिळाले तर आधारच, नाही म्हणत नाही. पण घरमालक भाडे महिन्याच्या महिन्याला मागतो. तो 'वरून आलं नाही' हे कारण ऐकून घेत नाही.

राष्ट्रीय फेलोशिप. सगळ्या देशाला, सगळ्या विषयांना मिळून अनुसूचित जातींसाठी वर्षाला २००० जागा. दर चांगला. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाला महिन्याला ३७,००० रुपये. कागदावर. खात्यावर कधी, ते विचारू नका.

आणि बार्टी. २०२१ च्या तुकडीत ८६१ संशोधक. सरकार म्हणाले, आम्ही २०० जणांना देणार. बाकीच्या ६६१ जणांनी काय गुन्हा केला? पोरं-पोरी आझाद मैदानावर जाऊन बसली. २०२३ साल उजाडले तरी बसलेलीच. ज्या हातांनी प्रबंध लिहायचा त्या हातांनी बॅनर धरले. बसून, ओरडून, उपाशी राहून त्यांनी फेलोशिप पदरात पाडून घेतली. शाबास त्यांची. पण मैदानात गेलेले ते महिने त्यांच्या प्रबंधातून वजा झाले, ते कोण भरून देणार?

मी ठासून सांगतो. हा उशीर म्हणजे कारभारातला गोंधळ नाही. ही चाळणी आहे. दहा महिने पैसे आले नाहीत तरी ज्याच्या बापाचा फ्लॅट आहे तो टिकतो. ज्याचा बाप सेंट्रिंगवर आहे तो गळतो. कायद्याने दार उघडे, आरक्षणाची जागा राखीव, जाहिरात चकाचक. कुणी 'चल नीघ' म्हणत नाही. नुसते थांबवून ठेवायचे. माणूस आपणच निघून जातो. मग अहवालात लिहायचे, 'पात्र उमेदवार उपलब्ध नाहीत.'

आणि या थांबण्याने मनाचे काय होते? मेसवाल्यासमोर मान खाली. मित्राकडून तिसऱ्यांदा उसने मागताना जीभ जड. घरी फोनवर ''मिळाले पैसे, काळजी करू नको'' असे खोटे. गाईडच्या खोलीत शिरताना छातीत धडधड. विद्यापीठाचा समुपदेशक ह्याला ताण म्हणतो आणि दीर्घ श्वास घ्या म्हणून सांगतो. च्यायला, श्वास कसला घ्यायचा? आधी पैसे टाका. अर्धा ताण बँकेच्या एका मेसेजने उतरेल.

रोहित वेमुला आठवा. १७ जानेवारी २०१६. हैदराबाद विद्यापीठ. त्याच्या शेवटच्या पत्रात फेलोशिपचा हिशेब होता. सात महिन्यांचे १ लाख ७५ हजार रुपये येणे. त्यातून कुणाचे देणे फेडायचे तेही त्याने लिहिले. तारे आणि विज्ञान यांची स्वप्ने बघणाऱ्या पोराला शेवटच्या पानावर थकबाकी मांडावी लागली. त्या थकबाकीला कारकुनी चूक म्हणणारा माणूस खोटे बोलतो.

थकलेल्या पैशाने काय होते हे बाबासाहेबांनीसुद्धा भोगले. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. करारातली नोकरी करायला बडोद्याला गेले. शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून फेकायचा. राहायला खोली मिळेना. पारशी खानावळीतून हाकलले. एवढा शिकलेला माणूस झाडाखाली बसून रडला. पुढे १९२० साली स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून बाबासाहेब घडले एवढेच आपण जयंतीला सांगतो. शिष्यवृत्ती तुटली तेव्हा बाबासाहेबसुद्धा अडले, हे सांगत नाही. मग आजच्या सेंट्रिंगवाल्याच्या पोरीची काय कथा?

आणि त्या झाडाखालच्या दुपारी एका माणसाच्या मनात काय झाले, तसे लाखोंच्या मनात रोज काय होते, हा मानसशास्त्राचा विषय नाही काय? आहे. पण तो विषय घ्यायला त्या झाडाखाली बसलेल्यांच्या पोटची पोरं त्या विभागात पाहिजेत, आणि त्यांच्या खिशात दोन वेळचे पैसे पाहिजेत.

परदेशातला एक दाखला देतो. अमेरिकेतला, आणि तोही त्याच कोलंबिया विद्यापीठातला. केनेथ क्लार्क आणि मेमी क्लार्क, काळे नवरा-बायको. कोलंबियातून मानसशास्त्राची पीएचडी घेणारा केनेथ हा पहिला काळा, १९४० साली. मेमी त्याच्या मागून, १९४३ साली. रोझेनवाल्ड फंडाची फेलोशिप दोघांना मिळाली. त्या पैशावर त्यांनी काय केले? लहान काळ्या पोरांपुढे बाहुल्या ठेवल्या, गोऱ्या आणि काळ्या. विचारले, चांगली कोणती? वाईट कोणती? तुझ्यासारखी कोणती? पुष्कळ पोरांनी गोरीला चांगली म्हटले, काळीला वाईट. आणि 'तुझ्यासारखी कोणती' म्हटल्यावर काही पोरं रडली. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतली वर्णभेदाची वाटणी बेकायदा ठरवली, तेव्हा निकालाच्या तळटिपेत केनेथ क्लार्कच्या लिखाणाचा दाखला होता.

फेलोशिपचे चार पैसे, दोन काळे संशोधक, थोड्या बाहुल्या. हा दिवा. मंत्रिमहोदय, दिसला काय?

तिथेही सगळे आपोआप झाले नाही. १९६८ साली काळ्या मानसशास्त्रज्ञांनी वेगळी संघटना काढली. १९६९ साली अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अधिवेशनात अध्यक्षीय भाषणाच्या वेळी काळे विद्यार्थी मंचावर चढले. आमची पोरं घ्या, आमचे प्राध्यापक घ्या, पैसा काढा, अशा मागण्या ठेवल्या. १९७४ साली अल्पसंख्य वंशांच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी पैशावर फेलोशिप सुरू झाली. २०२१ साली त्याच असोसिएशनने वंशवादात आपला हात होता म्हणून जाहीर माफी मागितली. ब्लॅक पँथरचे नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव घेतले, तेज घेतले. मानसशास्त्राच्या मंचावर चढायचे तेवढे राहून गेले.

आपल्याकडे उलट काय चालते ते बघा. राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती ही दिल्लीची जुनी योजना. २०२२ च्या नियमांत तिला कलम जोडले. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताबद्दलचा सामाजिक अभ्यास या विषयांवर परदेशी संशोधन करायला हा पैसा मिळणार नाही. कारण काय? त्यासाठी बाहेर कशाला जायचे, इथेच करा. बाबासाहेबांनी जातीच्या उगमावरचा निबंध ९ मे १९१६ रोजी कोलंबियातच वाचला होता. हा नियम तेव्हा असता तर तो निबंध झालाच नसता. म्हणजे जातीने मनावर काय वळ उठवले हे शिकायला कुणी पोरगी परदेशी जाईल म्हटली, तर तिने विषय बदलायचा. उंदरांच्या स्मरणशक्तीवर संशोधन कर, पैसे घे. माणसाच्या अपमानावर करायचे नाही. आणि २०२५ साली या योजनेत १०६ जण निवडले, पत्रे पहिल्यांदा ४० जणांनाच. बाकीच्यांना सांगितले, निधी असेल तर बघू. देशाला निधी कमी पडतो तो नेमका आमच्याच दारात.

याचा परिणाम काय होतो? खुर्चीवर तेच बसतात. निदान तेच करतात. आपला पोरगा वर्गात बोलत नाही. निदान: न्यूनगंड. पोरगी वसतिगृहात एकटी राहते. निदान: जुळवून घेण्याची अडचण. ज्याने तिला 'कोट्यातली' म्हटले त्याला काय रोग आहे? ज्याच्या आईच्या स्वयंपाकघरात कामवालीचा कप वेगळा असतो, त्या घराच्या मनाला काय झाले आहे? शिवाशिव हा शिवून न घेणाऱ्याच्या डोक्यातला आजार आहे. पण तपासणी होते ती ज्याला शिवत नाहीत त्याची. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो, उपचारात जातीवरून भेदभाव करायचा नाही. छान. पण जे दुखते त्याला नावच नसेल तर उपचार कशाचा?

आता थोडे आपल्या घरात. राग येऊ द्या.

चळवळीतले शहाणे म्हणतात, मानसशास्त्र हे व्यक्तीला कुरवाळते, व्यवस्था विसरायला लावते. खुर्ची त्यांची असेल तर हे खरे आहे. फ्रांझ फॅनन कोण होता? मनोविकारतज्ज्ञ. महायुद्धात लढला, माजी सैनिक म्हणून फ्रान्समध्ये शिकायला मिळाले. १९५३ ते १९५६ अल्जीरियात ब्लिदाच्या रुग्णालयात काम केले. गुलामीने आजारी पडलेली मने बघितली, राजीनामा दिला आणि मुक्तिलढ्यात गेला. त्याची पुस्तके आपण शिबिरात वाचतो, पण आपल्या पोराने तो विषय घेतो म्हटले की नाक मुरडतो. ''त्यात स्कोप काय? एमपीएससी कर.''

वसतिगृहात आपला एखादा पोरगा जीव देतो. आपण मेणबत्त्या लावतो, मोर्चा काढतो, फोटोला हार घालतो. संस्था एक समुपदेशक नेमते आणि फाईल बंद करते. तो समुपदेशक कोण, कुठून शिकला, जात म्हणजे काय हे त्याला ठाऊक आहे काय, हे आपण कधी विचारले? मेल्यावर मोर्चा आणि जिवंतपणी 'स्कोप काय', हे आपलेही ढोंग आहे. आणि १४ एप्रिलला एका रात्रीच्या डीजेचे भाडे किती होते ते तुमच्या मंडळाच्या खजिनदाराला विचारा. त्यात एका पोरीचे वर्षाचे मेसचे बिल भागते.

तेव्हा मागायचे काय, ते सरळ लिहितो.

१. शिष्यवृत्ती आणि फेलोशिप दर महिन्याला ठरल्या तारखेला. चुकली तर व्याजासह, आणि उशिराचा जबाब अधिकाऱ्याच्या नावानिशी.

२. पात्र तेवढ्या सगळ्यांना. ८६१ पात्र तर ८६१. मध्येच आकडा कापायचा नाही.

३. निर्वाहभत्ता आणि उत्पन्नाची मर्यादा दरवर्षी महागाईशी बांधा.

४. मनाच्या उपचाराचे प्रशिक्षण घेणाऱ्या प्रत्येकाला विद्यावेतन. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथली सरकारी मनोरुग्णालये आपल्या करातून चालतात. तिथे प्रशिक्षणाच्या जागा वाढवा, राखीव ठेवा, पगारी ठेवा.

५. जातीवर संशोधन करायला देशात किंवा परदेशात कुठलीही बंदी चालणार नाही. २०२२ चे ते कलम गेलेच पाहिजे.

६. हे आपल्यासाठी. प्रत्येक मंडळाने, प्रत्येक विहाराने एक पेटी ठेवायची. सरकारची शिष्यवृत्ती येईपर्यंत उसने द्यायचे, आली की परत घ्यायचे. दान नाही. टेकू. सरकारला मोकळे सोडायचे नाही, पण तोवर पोरगी गळू द्यायची नाही.

काय दिवे लावणार, असे विचारता?

सांगतो. आमची पोरगी शिकेल. खुर्चीवर बसेल. वस्तीतली बाई समोर येऊन रडली तर 'न्यूनगंड' असे लिहून कागद फेकणार नाही. तिला विचारेल, कोण काय बोलले, कुठे बोलले, किती वर्षे बोलले. ते सगळे लिहून ठेवेल. मोजेल. छापेल. कोर्टात ठेवेल.

आणि मग दिवा उचलून तुमच्या डोक्यात धरेल. आत काय काय साठले आहे ते सगळ्या महाराष्ट्राला दिसू दे.

तेल तेवढे वेळेवर टाका. ते आमच्याच हक्काचे आहे.

जयभीम.